गंजलेल्या गाडीला वाली कोण?

‘अमुक कंपनीने इतक्या गाड्या परत बोलावल्या’ अशी बातमी वाचली की डोळ्यांपुढे नवीकोरी गाडी येते. एअरबॅगमध्ये खोट निघाली, ब्रेकचा पाइप सदोष निघाला. मालकाने गाडी डीलरकडे नेली, भाग फुकटात बदलून मिळाला, विषय संपला. पण गाडी चौदा वर्षांची असेल, तिसऱ्या मालकाच्या हातात असेल आणि खालच्या पत्र्याला बोट लावलं तरी पापुद्रे झडत असतील, तर? कंपनी म्हणणार, गंज हवामानामुळे चढला. मालक म्हणणार, तुमचा पत्राच हलका होता. या भांडणाला जवळपास पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

आधी गंजाबद्दल थोडं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे शाळेत शिकलोय. मीठ त्यात भर घालतं, कारण खारट पाण्यातून वीजभार सहज वाहतो आणि लोखंड झिजण्याची क्रिया वेग घेते. ॲल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर आतल्या धातूला जपतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, त्यामुळे आत पाणी झिरपतच राहतं. गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, आतून पोकळ असते. त्या पोकळीत चिखल आणि खारं पाणी साचतं. वरून रंग चकचकीत आणि आतून पोखरलेलं लोखंड, अशी अवस्था गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय कळत नाही.

उत्तर अमेरिकेत हे मीठ समुद्रातून येत नाही. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून ते मुद्दाम टाकलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत तिथे सर्वदूर पसरली. ईशान्येकडची आणि पंचमहासरोवरांच्या आसपासची राज्यं ‘सॉल्ट बेल्ट’ म्हणूनच ओळखली जातात.

गंजामुळे एखाद्या ब्रँडचं नाव कसं धुळीला मिळतं, याचा मोठा धडा मात्र ब्रिटनमध्ये मिळाला. इटलीच्या लान्चिया कंपनीची ‘बीटा’ ही गाडी १९७२ साली आली. दिसायला देखणी, चालवायला झकास. काही वर्षांतच सुरुवातीच्या गाड्यांमध्ये इंजिन पेलणारी पुढची सबफ्रेम जिथे बॉडीला जोडलेली असते, तिथे गंज सापडू लागला. १९८० साली वर्तमानपत्रांनी हा विषय उचलून धरला आणि कंपनीने मालकांकडून गाड्या परत घेऊन मोडीत काढल्या. जबाबदारी घेतली, पण बदनामी पुसली गेली नाही. १९९४ साली लान्चियाने ब्रिटनच्या बाजारातून काढता पाय घेतला.

कायद्याची गोष्ट मात्र अमेरिकेतली. राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ साली आलं आणि पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षा कायदा झाला. त्या कायद्याने कंपनीला दोष कळवणं भाग पडलं. दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती १९७४ च्या दुरुस्तीने आली, आणि तिला वयाची अट होती: आठ वर्षं. २००० साली ती दहा झाली, २०१५ साली पंधरा. म्हणजे गाडी किती म्हातारी झाली की कंपनीची जबाबदारी सुटते, याचं उत्तर चाळीस वर्षांत दोनदा बदललं. गंज तर सावकाश काम करतो. आठ वर्षांच्या आत तो अनेकदा आपली करामत दाखवतही नाही.

या प्रश्नाची खरी परीक्षा टोयोटाच्या पिकअप गाड्यांनी घेतली. १९९५ ते २००० या काळातल्या ‘टकोमा’ पिकअपच्या चासी सडू लागल्या. सांगाड्याला गंजरोधक संरक्षण पुरेसं मिळालं नसावं, असं कंपनीने २००८ साली मान्य केलं. अशा सुमारे आठ लाख गाड्यांना चासीच्या गंजासाठी पंधरा वर्षांची हमी मिळाली. ज्यांची चासी वाचण्यापलीकडे गेली होती, त्या मालकांना बाजारभावाच्या दीडपट किंमत देऊन गाड्या परत घेतल्या गेल्या. भंगारात काढायच्या गाडीला दीडपट भाव! पण हा औपचारिक रिकॉल नव्हता, कंपनीने स्वतःहून आखलेली योजना होती.

रिकॉल आला २००९ साली, ‘टंड्रा’ या मोठ्या पिकअपसाठी. गाडीच्या पोटाखाली लटकवलेली स्टेपनी गंजामुळे धावत्या गाडीतून रस्त्यावर पडण्याचा धोका होता. मागच्या ब्रेकच्या नळ्यांनाही धोका होता. २०१० मध्ये फोर्डच्या ‘विंडस्टार’चा मागचा ॲक्सल गंजून मोडू शकतो म्हणून अमेरिका आणि कॅनडा मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. पुढे २०१६ साली टोयोटाने नंतरच्या सुमारे १५ लाख गाड्यांबद्दलचा दावा तडजोडीने मिटवला. त्याचं एकूण मोल ३ अब्ज डॉलरच्या पुढे जाऊ शकत होतं. त्या तडजोडीत चासीला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलेलं असेल, तर चासी बदलून मिळणार होती. एका चासीचा खर्च साधारण १५ हजार डॉलर. नऊ मिलिमीटरवाल्याने काय करायचं? पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायची.

अशा रिकॉलमध्ये आणखी एक मेख असते. टंड्राचा रिकॉल २० थंड राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टनपुरता होता. पण जुनी गाडी एका जागी थोडीच राहते? ओहायोत आठ हिवाळे काढलेली गाडी विकली जाऊन फ्लोरिडाच्या उन्हात पोहोचते आणि गंज सोबत नेते. शिवाय रिकॉलचं पत्र नोंदणीवरच्या पत्त्यावर जातं. गाडी जितकी जुनी, तितके तिचे मालक बदललेले, आणि पत्र चुकण्याची शक्यता तितकी जास्त. नवी गाडी घेणं न परवडणारा माणूस जुनी घेतो. म्हणजे ज्याच्या गाडीला धोका जास्त, त्याच्यापर्यंत निरोप पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी.

आता आपल्याकडे येऊ. कोकणपट्टीत आणि मुंबईत खारा वारा बाराही महिने असतो. प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीचा पत्रा सडला की तिथे नवा तुकडा वेल्डिंग करून, वर रंग मारून गाडी पुन्हा धंद्याला लागायची. पद्मिनी कारखान्यातून बाहेर पडत होती, त्या साऱ्या काळात भारतात रिकॉलची कुठलीही ठरलेली पद्धत नव्हती. मुंबईच्या रस्त्यावरून तिला हटवलं ते टॅक्सीसाठीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये. कंपन्यांच्या संघटनेने स्वेच्छेची रिकॉल संहिता आणली २०१२ साली. मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलचं कलम ११०-अ आलं २०१९ च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नियम २०२१ मध्ये. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत.

आणि वयाची अट? सात वर्षं. अमेरिकेने १९७४ मध्ये ठरवलेल्या मर्यादेपेक्षाही एक वर्ष कमी. म्हणजे खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी निम्मी संपायच्या आतच आपला नियम तिचा हात सोडतो. गंजाची खोट बहुधा त्यानंतरच बाहेर येते, आणि तेव्हा सगळा भार येतो चाचणी केंद्रातल्या फिटनेस तपासणीवर. ती तपासणी ही एक गाडी चालण्याजोगी आहे का, एवढंच सांगते. त्याच मॉडेलच्या हजारो चासी एकाच जागी सडतायत, हे ओळखायला सगळ्या नोंदी एकत्र मांडाव्या लागतात, आणि उत्तर द्यायला कंपनीला बोलवावं लागतं.

तोवर जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल बाकी आहे का ते पाहणं. दुसरी, सौदा करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवायला लावणं आणि मेकॅनिकला चासीवर हातोडीने हलकेच ठोकायला सांगणं. धड लोखंड खणखणतं. सडलेलं बद्द वाजतं, आणि मग विकणारा कितीही गोड बोलला तरी पैसे खिशातच ठेवावेत.