पथ्य आणि रातपाळी

वजन उतरविण्याचा इतिहास बहुधा पथ्यांच्या भांडणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो पथ्य टिकविण्याचा इतिहास आहे.

लंडनमधील विल्यम बँटिंग हा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर व बटाटे सोडले, वर्षभरात 202 पौंडांवरून 156 पौंडांवर आला आणि 1863 साली त्याने पुस्तिका लिहून तो अनुभव लोकांपुढे ठेवला.

आपल्याकडे हा विषय व्याख्यानांच्या वाटेने आला. डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) ह्यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी 2012 साली प्रथम स्वतःवर प्रयोग केला आणि मग सभागृहे भरविली. त्यांचा नियम सुटसुटीत आहे : दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा जेवावे, जेवण 55 मिनिटांत आटोपावे, रोज 45 मिनिटे चालावे. उलट ऋजुता दिवेकर ह्यांचे सांगणे, दर दोन तासांनी थोडे थोडे खावे. 2018 च्या सुमारास घरोघरी ह्यावरून दोन तट पडले.

मग खरे कोणते? 2005 साली अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी 160 माणसांना चार निरनिराळ्या पथ्यांत वाटून वर्षभर पाहिले. शेवटपर्यंत 93 उरले. पथ्यापथ्यांतील फरक थोडा निघाला. ज्याने आपले पथ्य नेटाने पाळले त्याचे वजन अधिक उतरले, मग पथ्य कोणतेही असो.

येथेच आमचा प्रश्न सुरू होतो. सातपूर-अंबडचा कामगार एक आठवडा पहिल्या पाळीत, पुढचा रातपाळीत. त्याने जेवणाच्या दोन वेळा ठरवायच्या कोणत्या घड्याळावर? आमच्या एका सोबत्याने चार महिने निग्रहाने वजन उतरविले. पाळी बदलली, रात्री दोनला कॅन्टीनमध्ये चहा आणि वडा एवढेच मिळे. वर्षाच्या आत वजन परत आले. लोक म्हणाले, मनाचा कच्चा. आम्हीही तेव्हा तसेच म्हणालो, ही आमची चूक झाली.

1948 च्या कारखाना कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद आणली. तेथे काय शिजावे ह्याकडे आम्ही युनियनवाल्यांनी फारसे पाहिले नाही. दर कमी ठेवण्यापुरते भांडलो. आता मागणीपत्रकात रातपाळीसाठी भाकरी, उसळ आणि ताक लिहिले पाहिजे. पथ्य कोणते घ्यावे हे ज्याचे त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावे. ते पाळता येईल अशी पाळी आणि असे ताट मिळविणे मात्र एकट्याच्या निग्रहाचे काम नव्हे.