भिंतीवरची लक्ष्मी

माजघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी असते ना, चार हातांची, बाजूला हत्ती? हे रूप घराघरात पोचवलं राजा रविवर्मा यांनी. केरळच्या या चित्रकारानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि नंतर श्लायशर नावाच्या जर्मन कारागिरानं विकत घेतला.

छपाई व्हायची दगडावर. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. तेल नि पाणी एकत्र येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको! शाई तेलकट रेघेवरच बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एखादा केसभर सरकला की देवीचं कुंकू भुवईवर!

जपानमध्ये हेच काम लाकडावर चाले. चित्राचा पातळ कागद चेरीच्या फळीवर उलटा चिकटवून कोरायचा, रंगागणिक वेगळी फळी, आणि कागद नेमका बसावा म्हणून फळीला खाच. तिथली छपाई फार जुनी. शोतोकु नावाच्या सम्राज्ञीनं दहा लाख छोटे लाकडी स्तूप करवले, प्रत्येकात छापलेल्या बौद्ध मंत्राचा कागद. इसवी सन ७७० मध्ये ते काम पुरं झालं. एका बाईनं काढलेलं काम, म्हणून मला ते मुद्दाम सांगावंसं वाटतं.

मळवलीच्या आसपास कार्ले-भाजेची बौद्ध लेणी आहेत. कार्ल्याला दान देणाऱ्यांत बायकांचीही नावं कोरलेली आहेत. आपल्या दापोलीतही पन्हाळेकाजीची लेणी आहेतच. पण लेणं घरी आणता येत नाही, कागद येतो. आणि खरी गोष्ट इथे आहे. देवळाच्या पायरीशीच ज्यांना थांबवलं जायचं, त्यांच्याही भिंतीवर देव आला, तोही पुजाऱ्याला न विचारता. रत्नागिरीत सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं ते १९३१ साली. छापील देव त्याआधीच घरोघर फिरत होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. मंडणगडातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या जुन्या तसबिरी उतरल्या, बुद्ध आणि बाबासाहेब आले. तेही छापीलच.

बायकांनी या चित्रांना जरी, टिकल्या, मणी लावून देवीला खरी साडी नेसवली. अशी चित्रं अजून सापडतात. माळ्यावर जुनी तसबीर असेल तर खालच्या कडेला छापखान्याचं नाव वाचा. ओल्या फडक्यानं मात्र पुसू नका, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका.