आठ वर्षांचा पंचहजारी

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला आणि संभाजीराजे मोगलांचे पंचहजारी मनसबदार ठरले. त्यांचे वय तेव्हा आठ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारींच्याच रांगेत उभे केले गेले आणि त्यांचा संताप अनावर झाला. माझा लहान मुलगा पंचहजारी, माझा चाकर नेताजी पंचहजारी, मग मलाही तीच जागा का, असा त्यांचा सवाल होता, असे सांगितले जाते. लहान मूल, कसलेला सेनानी आणि राज्याचा संस्थापक या तिघांच्या वाट्याला एकच आकडा आला होता. त्याने कोणाच्या मनगटातली ताकद मोजली नव्हती, एवढे यावरून नक्की ठरते. माणसापुढे लिहिलेला लढाऊ आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न आज टेबलाभोवती रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांनाही पडतो. आणि त्याचे उत्तर संगमेश्वरच्या इतिहासात सापडते, असे माझे मत आहे.

या खेळांचे मूळ सैन्याच्या मोजणीत आहे. १८२४ मध्ये प्रशियात राइसवित्झ याने युद्धखेळाचे नियम छापले. नकाशावर तुकड्या हलवायच्या आणि फासा टाकून हानी ठरवायची, अशी त्याची पद्धत होती. १९७१ च्या ‘चेनमेल’ या अमेरिकी युद्धखेळात ‘हीरो’ चार माणसांच्या बरोबरीने लढे, ‘सुपरहीरो’ आठांच्या. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा तेच चार आणि आठ योद्ध्याच्या ‘लेव्हल’ झाल्या. म्हणजे एका माणसाची ताकद इतर माणसांच्या संख्येत सांगण्याची रीत आधी आली, आणि अंगातल्या बळाचा अर्थ तिला मागाहून चिकटला. मनसबीची घडण याहून फार वेगळी नव्हती. ‘जात’ हा आकडा दरबारातला दर्जा सांगे, ‘सवार’ हा किती घोडेस्वार बाळगायचे ते. शाहजहानच्या काळात तर सवारांच्या आकड्याचा तिसरा किंवा चौथा हिस्साच प्रत्यक्ष उभा करावा लागे. मराठी फौजेतही नाव आणि संख्या जुळत नसे. सभासद बखरीतल्या हिशेबाप्रमाणे २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. म्हणजे हजारीच्या हाताखाली प्रत्यक्षात १,२५० स्वार. आकडा वाचायचा तर त्यामागचा नियम आधी माहीत हवा.

आता संगमेश्वरच्या १ फेब्रुवारी १६८९ कडे पाहू. शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान हा पूर्वीचा कुतुबशाही, आता मोगलांचा सरदार कोल्हापूर भागात होता. संभाजीराजे थोड्या लोकांनिशी संगमेश्वरी आहेत ही बातमी त्याला लागली. निवडक फौज घेऊन तो आंबा घाटाच्या अवघड वाटेने उतरला. बरेच लोक मागे राहिले, तरी तो थांबला नाही. कसब्यात झटापट झाली, राजांचे सहकारी कवी कलश बाण लागून जखमी झाले, त्यांचे सरदार म्हाळोजी घोरपडे धारातीर्थी पडले आणि राजे पकडले गेले. या घटनेत तलवारीचा वाटा किती? सारा निकाल बातमी, वाट आणि वेळ यांनी लावला. मुकर्रबखानाच्या नावापुढे कितीही मोठा हल्ल्याचा आकडा लिहिला, तरी त्या दिवसाचा उलगडा होत नाही. आंबा घाटाचा चढ-उतार आणि हेरांची चाल मांडली, की तो आपोआप होतो. म्हणून खेळातल्या प्रत्येक पात्रापुढे लढाऊ आकडा लिहू नये, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की मनसब ही पगाराची श्रेणी होती, तिची खेळातल्या आकड्यांशी तुलनाच चुकीची. पण खेळाच्या आकड्याचा जन्मही शिपायांच्या मोजणीतून झाला हे वर पाहिले, म्हणून दोन्हींची जात एकच ठरते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. आकडे काढून टाकले तर खेळ चालवणारा मन मानेल तसा निकाल देईल, आणि खेळाडूचा त्याच्यावरचा विश्वास उडेल. ही भीती खरी आहे. प्रशियातच १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हर्न्वा याने फासे आणि तक्ते दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ सोपवला. त्याचा पंच युद्ध पाहिलेला अधिकारी होता. आपल्या टेबलावर तसा माणूस क्वचितच असतो. म्हणून ज्याच्याशी खेळाडूंची गाठ शस्त्रानेच पडणार आहे, त्याला आकडे द्यावेत, आणि चोख द्यावेत. पण वाट दाखवणारा, नावाडी, कसब्यातला सावकार, घाटावरचा चौकीदार यांच्या हाती तलवारीचे गुण कशाला? त्यांना काय ठाऊक आहे, ते कोणाचे मिंधे आहेत आणि कशाला भितात, हे लिहिले तर खेळ अधिक खरा होतो.

संभाजीराजांच्या अटकेनंतर मुकर्रबखानाला ‘खान-ए-जमान फत्तेहजंग’ हा किताब मिळाला आणि त्याची मनसब वाढली. ती वाढ झालेल्या कामाची पावती होती; काम होण्याआधी दरबारच्या कागदातून ते कोणालाही ओळखता आले नसते. आपला इतिहास घेऊन मराठीत असे खेळ रचू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: संगमेश्वर मांडाल तेव्हा सरदारांचे आकडे शेवटी लिहा, आधी घाटवाटा, हेर आणि बातमी पोचायला लागणारा वेळ लिहा.