दूरशिक्षणातील पाठनियोजन आणि मूल्यमापन : दातिवऱ्याच्या संदर्भात

मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. पत्रद्वारा शिक्षणातील टिपणांचे स्वरूप सामान्यतः छापील व्याख्यानाचेच राही. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, डॉ. राम ताकवले प्रथम कुलगुरू असताना, पाठाचीच पुनर्रचना केली : घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयं-अध्ययन प्रश्न, अखेरीस त्यांची उत्तरे.

वैतरणेच्या मुखाशी वसलेल्या दातिवऱ्यासारख्या मच्छीमार गावास ही रचना अनुकूल होती. भरती-ओहोटी पाहून होडी लोटणाऱ्यास सवडीने घटक वाचता येतो. मूल्यमापन मात्र तितके लवचीक झाले नाही. उन्हाळी परीक्षा येते ती पावसाळ्यापूर्वी मासळी सुकविण्याच्या घाईत, आणि ते काम बहुतांशी स्त्रियांचे.

गृहपाठाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. समंत्रण वर्गासाठी सफाळे स्थानक गाठणे ज्यास दरवेळी जमत नाही, त्याच्यापुरते अध्यापन उरते ते उत्तरपत्रिकेवरील शेऱ्यात. तेथे केवळ गुणांचा आकडा पडला, तर घटकाच्या आरंभी लिहिलेली उद्दिष्टे साध्य झाली की नाही, हे विद्यार्थ्यास निकालापर्यंत कळत नाही. आणि निकालात तर शेरा नसतोच.