वेष्टनावरचं नाव

आत्याच्या ग्वाल्हेरच्या घरी ‘संगीत कला विहार’चा अंक टपालानं यायचा. वेष्टनावर नाव सासऱ्यांचं. ते कापडाचे व्यापारी. गाण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की मंदिरात सुनेनं पद म्हटलं की मान डोलवायची. अंक त्यांनी कधी उघडला नाही. उघडायच्या त्या दोघी, आत्या आणि तिची मोठी जाऊ. दुपारी, झाकपाक झाल्यावर.

हे मासिक १९४७ साली निघालं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मागे त्यांच्या शिष्यांनी उभारलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ते मासिक, आणि संपादक बी. आर. देवधर. ते कोणासाठी काढलं असेल, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. उस्तादांना छापील चीज नको होती, ती त्यांच्या गळ्यात होती. शहरातला दर्दी बैठकीला जाऊन बसायचा. मग उरलं कोण? मंडळाच्या परीक्षांना बसणारी मुलं-मुली, तालुक्याच्या गावचे गाण्याचे मास्तर, आणि आत्यासारख्या. आपल्या घरांतून मुलीला प्रवेशिकेला बसवायचे हो, पण रात्री बारापर्यंत चालणाऱ्या मैफलीला कोण पाठवणार? देवधरांनी गवयांवर लिहिलेले लेख हीच तिची मैफल. (पुढे त्यांचंच ‘थोर संगीतकार’ झालं.) कोण किती रियाज करायचा, कोणाचा स्वभाव कसा, हे ती शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगायची. यातल्या बहुतेकांना तिनं पाहिलं तर नव्हतंच, काहींना ऐकलंही नव्हतं.

खरी गंमत पुढेच आहे. आत्या बेळगावची, पलुस्करांच्या परंपरेतल्या मास्तरांकडे शिकलेली. जाऊ ग्वाल्हेरच्या माधव संगीत महाविद्यालयातली. ते १९१८ साली निघालं, आणि तिथलं शिक्षण भातखंड्यांच्या पद्धतीचं. आत्याच्या वहीतली चीज जाऊबाईंनी गायला घेतली आणि भलत्याच ठिकाणी किंचाळल्या! का? पलुस्करांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तो मंद्र, खालचा. भातखंड्यांच्या लिपीत तेच टिंब म्हणजे तार. तालाचंही तसंच. इकडे अधिकची खूण म्हणजे खाली, तिकडे फुली म्हणजे सम. घाईत हातानं लिहिलेली अधिक आणि फुली ओळखू येते का, सांगा! समेवर यायचं तिथे बाई खालीवर.

आणि चीज कुठली? ग्वाल्हेर घराण्याचीच. पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला जाऊन शिकून आले होते. ती चीज मिरज-बेळगावच्या वाटेनं नव्या खुणा लेवून माहेरी परतली, तर माहेरच्यांनाच ती वाचता येईना.

म्हणून वाटतं, संगीताच्या मासिकाचा वाचक ठरतो तो अशा टिंबापाशी. आणि भाषेपाशी. पलुस्करांनी लाहोरला असताना ‘संगीतामृत प्रवाह’ काढलं ते हिंदीत, कारण समोर पंजाबातली माणसं होती. भातखंड्यांनी मुंबईत बसून आपले मोठे ग्रंथ मराठीत लिहिले, आणि हाथरसच्या संगीत कार्यालयानं ते हिंदीत आणले तेव्हा कुठे उत्तरेतल्या मुलांच्या हाती पडले. जाऊबाई हाथरसचं ‘संगीत’ही मागवायच्या. वेष्टनावर अर्थातच पुन्हा सासऱ्यांचं नाव.

दोन्ही मासिकांच्या वर्गणीदारांच्या यादीत त्या घरातून एकच वाचक असणार, कापडाचा व्यापारी. कोणी यादी पाहून हिशेब केला असता, तर व्यापारी वर्गात संगीताची गोडी वाढतेय असं लिहिलं असतं.

आत्या गेल्यावर अंकांचा गठ्ठा माझ्याकडे आला, आणि तिची वहीही. वहीत प्रत्येक डोक्यावरच्या टिंबाशेजारी पेन्सिलीनं बारीक बाण काढलेत, खाली टोक केलेले. अक्षर जाऊबाईंचं आहे. शेवटच्या पानावर दोघींनी मिळून दोन्ही लिप्यांच्या खुणा समोरासमोर लिहून ठेवल्यात.