कमिशनवरची नोकरी गेली, तर हक्क कोणते?

"सर, पगार कमी, बाकी सगळं कमिशन. मग हक्क कसला?" माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं. असं बरेच जण समजतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढल्यावर थकलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यावं लागतं. कमिशन वेतनात धरत नाहीत, मेख तिथेच आहे. पण कमिशन आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरचा भाग वेतनच. समजा पगार 8,000 आणि कमिशन 12,000. निम्मे 10,000, म्हणून वेतन 10,000 मोजायचं. उरलेलं कमिशन कराराप्रमाणे मागा; त्यासाठी कोर्टात जायची मुदत 3 वर्षे.

सेल्सवाला औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' आहे, मॅनेजर नाही. वर्षभर सलग काम झालं असेल आणि शिक्षा म्हणून नव्हे, तर कपात म्हणून काढलं, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन. विमा एजंटसारखे निव्वळ कमिशनवाले सहसा यात बसत नाहीत.

हजेरी, टार्गेट, साहेबांचे व्हॉट्सॲप मेसेज हाच पुरावा. ग्रुपमधून काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या (आधी काढतात तेच!). राजीनाम्यावर सही मागितली तर घाईत करू नका. तक्रार कामगार आयुक्त कार्यालयात, लेखी, पोच घेऊन.