अहमदनगरचे बाळ आणि आयरिश पासपोर्ट : जन्मभूमी, वंश आणि नागरिकत्वाचा इतिहास

१/ पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) रस्त्याने जाताना घोड नदीकाठचे शिरूर लागते. रेल्वेने जायचे तर दौंड जंक्शन. या दोन्ही वाटा ज्या शहरात पोहोचतात, तिथे १६ एप्रिल १९१८ रोजी एका लष्करी कुटुंबात मुलगा जन्मला. पुढे तो दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढला, तरीही त्याला ब्रिटिश पासपोर्ट नाकारण्यात आला. परक्या देशात जन्मलेल्या बाळाचा देश कोणता, या प्रश्नाचा इतिहास सांगणारा हा थ्रेड.

२/ हा भाग गोऱ्या कुटुंबांना नवा नव्हता. शिरूर ही कंपनी सरकारची जुनी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या दिशेने निघाली ती येथूनच. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि नगरची छावणी दौंडमार्गे पुणे-मुंबईशी जोडली गेली. छावणी आणि रेल्वे यांच्या मागोमाग साहेबांची कुटुंबे आली. त्यांची मुले ज्या गावांत जन्मली, ती गावे आईबापांच्या दृष्टीने परदेशातीलच होती.

३/ त्या काळी या मुलांच्या राष्ट्रीयत्वाची चिंता कोणाला नव्हती. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार, राजाच्या अधिपत्याखालील कोणत्याही भूमीवर जन्मलेले मूल जन्मतः ब्रिटिश प्रजाजन ठरे. लंडन काय, दौंड काय, कायद्याला सारखेच. हाच नियम येथील शेतकऱ्याच्या मुलालाही लागू होता. अर्थात प्रजाजन असणे आणि समान हक्कांचा नागरिक असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते.

४/ नगरला जन्मलेला तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला विनोदकार स्पाइक मिलिगन. वडील लिओ मिलिगन आयर्लंडमधील स्लायगोचे, सैन्यात नोकरीला. आई फ्लॉरेन्स इंग्रज. बालपण पुणे आणि रंगून येथे गेले. १९३० च्या दशकात कुटुंब इंग्लंडला परतले. महायुद्धात स्पाइक तोफखान्यात होता आणि १९४४ मध्ये इटलीच्या आघाडीवर जखमी झाला. १९५१ पासून बीबीसी रेडिओवरील ‘द गून शो’ने त्याला घराघरांत पोहोचवले.

५/ दरम्यान त्याच्या पायाखालची कायद्याची जमीन सरकली होती. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. १ जानेवारी १९४९ पासून ब्रिटनचा नवा राष्ट्रीयत्व कायदा अमलात आला आणि ‘युनायटेड किंग्डम व वसाहतींचे नागरिक’ असा नवा वर्ग निर्माण झाला. त्यात बसण्यासाठी आता ब्रिटन किंवा तिच्या उरलेल्या वसाहतींशी जन्माचे अथवा पित्याकडून आलेले नाते दाखवावे लागे. नगर ब्रिटिश राज्यात उरले नव्हते आणि वडिलांचे स्लायगो तर १९२२ मध्येच ब्रिटनपासून वेगळे झाले होते.

६/ १९६० मध्ये मिलिगनने ब्रिटिश पासपोर्टसाठी अर्ज केला. त्याला राजनिष्ठेची शपथ घेण्यास सांगण्यात आले. सहा वर्षे सैन्यात काढलेल्या माणसाला ही अट मान्य नव्हती. अर्ज फेटाळला गेला. आयर्लंडच्या १९५६ च्या कायद्याने मात्र आयरिश पित्याच्या अपत्याला, ते जगात कुठेही जन्मलेले असो, दार उघडे ठेवले होते. १९६२ मध्ये तो आयरिश नागरिक झाला आणि अखेरपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, आयरिशच राहिला. २००१ मध्ये ब्रिटनने त्याला नाइटहूड दिले, तेही ‘मानद’. कारण तो परदेशी नागरिक होता.

७/ येथे एक प्रश्न उरतो. आई तर इंग्रज होती, मग तिच्याकडून नागरिकत्व का मिळाले नाही? कारण १९४८ चा कायदा वंश मोजताना केवळ पित्याकडे पाहत असे. परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व देण्याचा अधिकार ब्रिटिश मातेला पित्याच्या बरोबरीने मिळाला तो १ जानेवारी १९८३ पासून.

८/ ब्रिटनवर बोट ठेवताना आपलाही इतिहास पाहिला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ५ ने भारतात जन्मलेल्या आणि येथेच अधिवास असलेल्या सर्वांना नागरिक मानले. वंश वा धर्म विचारला नाही. दौंडच्या रेल्वे वसाहतीत मागे राहिलेली अँग्लो-इंडियन कुटुंबे याच अनुच्छेदाने भारतीय ठरली. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ४, म्हणजे परदेशात जन्मलेल्या बाळाविषयीचे कलम, तेही फक्त पित्याचेच नागरिकत्व विचारात घेत होते.

९/ ही तरतूद बदलली १० डिसेंबर १९९२ रोजी. तिचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. शिरूरची एक भारतीय नागरिक स्त्री, पती परदेशी, संसार लंडनला. थोरली मुलगी १९९१ मध्ये जन्मली : वंशाने भारतीय नाही. धाकटा मुलगा १९९३ मध्ये जन्मला : भारतीय. आई तीच, रुग्णालयही कदाचित तेच.

१०/ पुढचा टप्पा ३ डिसेंबर २००४. तेव्हापासून परदेशात जन्मलेल्या बाळासाठी आई किंवा वडील जन्मसमयी भारतीय नागरिक असणे पुरेसे राहिले नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी हवी आणि बाळाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांनी लिहून द्यायला हवे. मुदत उलटली तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशा मुलाला दुसऱ्या देशाचेही नागरिकत्व असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडावे लागते; अन्यथा भारतीय नागरिकत्व संपते.

११/ या मुदतीचे महत्त्व बाळ कुठे जन्मले यावर ठरते. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने भूमीवरील जन्म हाच नागरिकत्वाचा आधार मानला. ब्रिटनमध्ये १९८३ पासून आई-वडिलांपैकी एक जण तेथील नागरिक किंवा कायम रहिवासी लागतो. आखाती देशांत परकीय दांपत्याच्या बाळाला जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. दुबईत नोकरी करणाऱ्या दौंडच्या जोडप्याच्या बाळाला म्हणूनच भारत हा एकच देश असतो आणि वकिलातीतील नोंदणी हाच त्याचा आधार.

१२/ ज्यांनी परदेशी पासपोर्ट स्वीकारला, त्यांच्यासाठी २००५ पासून ‘ओसीआय’ आहे. तिला दुहेरी नागरिकत्व म्हणणे चूक ठरेल. ओसीआयधारकाला आजीवन व्हिसा मिळतो. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. गावाकडची शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही.

१३/ मिलिगनच्या बाबतीत नगरचा जन्म, इंग्रज आई आणि सैन्यातील सहा वर्षे यांपैकी काहीच पासपोर्टसाठी पुरेसे ठरले नाही. त्याच्या जन्मानंतर तीस वर्षांनी झालेल्या कायद्याने निकाल दिला. तेव्हा त्याच्या आई-वडिलांच्या हाती करण्यासारखे काही नव्हते. आज परदेशात बाळाला मांडीवर घेणाऱ्या शिरूर-दौंडच्या आई-वडिलांच्या हाती मात्र एक वर्ष असते.

(समाप्त)